नाना, तुमचे फुगे मी वाचायचे

नाना,

तुमचा आवाज शाबूत होता तोवर आपण दोघं फारसं बोललोच नाही. एका घरात राहत होतो, पण सून-सासऱ्याचं बोलणं ते काय असणार? पाणी आलं का, प्रशांत नाशिकहून निघाला का, चहा ठेवू का. तुम्हाला बोलायला सोनगीरपासून नरडाण्यापर्यंतचा सगळा मुलूख पडला होता आणि मला माझी शाळा, माझी पोरगी, तपासायच्या वह्या. आपलं खरं बोलणं सुरू झालं ते तुमचा आवाज गेल्यावर. हे मी तुम्ही गेल्यावर, गंधमुक्तीच्या दिवशी, चार माणसांत बोलणार होते. भावकी जमली होती, कापसाच्या जिनिंगमधले तुमचे जुने सोबती आले होते, पहूरहून माझे वडील आले होते. कुणीतरी माझ्या हातात माइकही दिला. मी 'सगळ्यांनी जेवूनच जायचं' एवढंच म्हणाले आणि तो परत केला. बाकीचं तुम्हालाच सांगावं असं वाटलं.

तुम्ही जिनिंगमध्ये कारकून होतात हे लोकांना आठवून सांगावं लागतं. तुम्ही 'माइकवाले नाना'. कुणाकडेही लग्न असो, मांडवात आवाज तुमचा. नवरीचे मामा कुठे बसलेत, कुणाच्या आत्याचा मान राहिला, पंगत कधी बसणार, सगळं तुम्ही सांगायचात, निम्मं मराठीत, निम्मं अहिराणीत. आमच्या लग्नात तुम्ही वरबाप होतात. वरबापाने फेटा बांधून गप्प बसायचं असतं. माइकवर माझ्या वडिलांच्या शाळेतले एक गुरुजी होते आणि ते 'उपस्थित मान्यवरांचे मनःपूर्वक स्वागत' करत होते. तुम्ही वरात मागे सोडून पुढे आलात, गुरुजींच्या हातातून माइक घेतलात आणि म्हणालात, "पाव्हनाहो, जेवन तयार शे, पन नवरदेव आजून घोडावर शे. भूक लागनी व्हई तर घोडाले सांगा, जरा पाय उचल."

मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. बाहेर मांडव हसला तो भिंतीतून ऐकू आला. माझे वडील हसले नाहीत, असं नंतर मावशीने सांगितलं. ते शिक्षक. आमच्या पहूरकडची बोली तुमच्यापेक्षा वेगळी, पण तीसुद्धा त्यांनी घरात कधी चालू दिली नाही. मी मात्र आत हसले होते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

मग तुमचा घसा बसला. लग्नसराई होती, सगळ्यांना वाटलं बोलून बोलून बसला असेल. तुम्ही काढा घेतलात, हळदीचं दूध घेतलंत. सराई संपली तरी आवाज आला नाही, तेव्हा प्रशांत तुम्हाला नाशिकला त्याच्याकडे घेऊन गेला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी फोन केलात. मायशी बोललात, नातीशी, जुईशी बोललात, आणि मग कधी नव्हे ते म्हणालात, "वहूले दे फोन." मी घेतला. तुम्ही म्हणालात, "बरं शे ना बठ्ठं?" मी म्हणाले, "हो नाना, सगळं." एवढंच. तुमच्या आवाजातलं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

परत आलात ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. खाणंपिणं ठीक होतं, चौकापर्यंत फेरी मारून येत होतात. प्रशांतने एक पाटी आणून दिली होती. तुमचं अक्षर वळणदार. पाटीवर लिहायचात आणि मायसमोर धरायचात. माय पाटीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

"काय लिखेल शे?"

मायना वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पाटी आणताना ते कुणालाच सुचलं नाही. मला नाही, प्रशांतला नाही आणि तुम्हालासुद्धा नाही. सगळा संसार तुम्ही बोलून केला होता. त्यात वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

मी सकाळी शाळेत जायचे, जुईही जायची. दिवसभर घरात तुम्ही दोघंच. एकदा दुपारी आले तर पाटीचे तुकडे अंगणात होते. तुम्ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होतात आणि माय डाळ निवडत होत्या. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "त्या लिखतस, मी देखस. आजून काय करसू?" तुम्हाला माय मानाने 'त्या' म्हणायच्या.

मग गळ्याला लावून बोलायचं मशीन आणून पाहिलं. त्यातून जो आवाज निघायचा तो ऐकून माय देवघरात जाऊन बसल्या. तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत. फोनवर लिहिलेलं वाचून दाखवायची सोय असते, तीही केली. एक बाई तुमची अहिराणी अशी वाचायची की तुम्ही फोन पालथा घालायचात.

चित्रकथांचा तो सगळा प्रकार माझ्या डोक्यातून आला असं प्रशांत लोकांना सांगतो. तसं काही झालं नव्हतं. मी एका रविवारी चौथीच्या वर्गासाठी पाणी उकळून पिण्यावर चार चित्रं जमवत होते. एक फुकटची साइट आहे, ब्राउझरमध्ये उघडायची, काही उतरवून घ्यावं लागत नाही. डावीकडे माणसं, प्राणी, सामान. त्यातलं हवं ते ओढून चौकटीत टाकायचं, माणसाचा हात वर-खाली करायचा, चेहरा बदलायचा. तुम्ही केव्हा मागे येऊन उभे राहिलात मला कळलं नाही. मी एका माणसाचा चेहरा बदलत होते. रागावलेला, हसरा, घाबरलेला, परत रागावलेला. तुमचं बोट माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि पडद्यावर टेकलं. मग तुम्ही खुर्ची ओढलीत.

तुमचं पहिलं चित्र मला चांगलं आठवतं. एक माणूस खुर्चीत, समोर कप, चेहरा संतापलेला. शेजारी किटली घेऊन उभी असलेली बाई. तुम्ही टाळी वाजवून मायना बोलावलंत. त्या ओल्या हातांनी आल्या, पडद्याकडे बघितलं.

"सकायना च्या थंडा व्हता का?"

तुम्ही हसलात. आवाज नव्हताच, खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माय म्हणाल्या, "मंग त्यामा रडासारखं काय शे?" आणि गेल्या, चहा ठेवायला.

त्यानंतर कॉम्प्युटर तुमचा झाला. त्या साइटवर आपल्यासारखं काहीच नव्हतं. घरं बर्फातली, खोलीत शेकोटी, रस्त्यावर लाल डबलडेकर. गांधी टोपी नव्हती, म्हणून तुम्ही आचाऱ्याची उंच टोपी घेतलीत आणि दाबून दाबून चपटी केलीत. सत्काराची शाल म्हणून कुणा राक्षसाचा झगा वापरलात. साडी तर कुठेच नव्हती. मायच्या जागी हिरव्या गाउनमधली बाई उभी केलीत, तर माय भडकल्या. "माले झगा कसाले घाला?" दुसऱ्या दिवशी तुम्ही घरसामानातून एक पडदा शोधून काढलात, तिरका करून त्या बाईच्या खांद्यावर टाकलात, आणि पदर झाला. मी शाळेत मुलांना शिकवते, पण हे मला सुचलं नसतं.

थंड चहा चित्रातून सांगता येतो. पण कुणाच्या शेतात काय पेरलं, जावई काय म्हणाले, हे सांगायला शब्द लागतात. माणसाच्या तोंडापाशी फुगा काढायचा आणि त्यात लिहायचं. सुरुवातीला जोडाक्षरं फुटायची, अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. शोधत शोधत एक नीट चालणारा फॉन्ट सापडला. फोनवरून लिहायचात तेव्हा 'शे' लिहिलं की फोन पुढे आपणहून 'शेतकरी' करायचा. तुमच्या जुन्या चित्रांत अजून काही ठिकाणी 'चहा गोड शेतकरी' असं आहे.

आणि फुगा आला म्हटल्यावर वाचणारी आली. ती मी.

मी शाळेतून यायचे, हातपाय धुवायचे आणि आपण तिघं कॉम्प्युटरपुढे बसायचो. तुम्ही दिवसभर केलेली चित्रं एकेक करून उघडायचात आणि मी मायना वाचून दाखवायचे. माझी अहिराणी भयंकर होती. चुकलं की तुम्ही टेबलावर बोट आपटायचात आणि ओठ हलवून दाखवायचात. मी परत म्हणायचे. दोनदा, तीनदा. माय म्हणायच्या, "राहू द्या ना, माले समजनं." तुम्ही राहू द्यायचा नाहीत. माइकवर उभी करायची असल्यासारखं शिकवलंत मला.

एक दिवस फुग्यात होतं, "हिरवं लुगडं नेसनी तू आज. चांगली दिखस."

हे मी वाचायचं होतं. सुनेने, सासूला, सासऱ्याच्या वतीने. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत वाचलं. मायनी पदर तोंडावर ओढला. "वहूना तोंडे कसाले सांगतस असं?" तुम्ही निर्विकार बसला होतात, जसं काही त्या माणसाने म्हटलं, तुमचा काय संबंध.

भांडणंही झाली आपली. जुई शाळेत 'शे' म्हणायला लागली, तिच्या बाईंनी मला बोलावलं. मी तुम्हाला म्हणाले, "नाना, तिच्यासमोर तरी मराठीत लिहा. पुढे तिलाच जड जाईल." संध्याकाळी तुम्ही एक चित्र केलंत. वर्गात फळ्यापुढे एक बाई, तिच्या डोक्यावर समुद्री चाच्याची टोपी, हातात तलवार, आणि बाकावर एक छोटी मुलगी. बाईचा फुगा: "शे म्हनशी तर जीभ कापसू." मला राग आला. तुम्ही लाडीगोडी वगैरे काही केली नाहीत. मीही माघार घेतली नाही. जुई आता घरात एक बोलते आणि शाळेत एक. तुम्ही म्हणाल तुम्ही जिंकलात. मी तसं मानत नाही.

सोनगीरला तुमच्या पुतण्याचं लग्न निघालं तेव्हा तुम्ही जायलाच तयार नव्हतात. मांडवात माइक दुसऱ्याच्या हातात बघणं तुम्हाला जमलं नसतं. पुतण्या स्वतः घरी येऊन म्हणाला, "नाना, आजकाल मांडवात मोठा पडदा लावतात. तुम्ही चित्रं द्या, आम्ही लावतो." तुम्ही झपाटल्यासारखे बसलात. एकदा ऐन वेळी लाइट गेली आणि न साठवलेलं सगळं गेलं, तर टेबलावर असा हात आपटलात की कप खाली आला. पण पुन्हा केलंत. फुकटच्या साइटवर एका पानाला तीनच चौकटी मिळतात, म्हणून पानंच्या पानं झाली. लग्नाच्या दिवशी पडद्यावर ती दिसली, पण मागच्या लोकांना अक्षरं दिसेनात. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत आणि माइककडे बोट केलंत.

सगळी भावकी समोर. मी कधी माइक धरला नव्हता, अहिराणीत तर नाहीच. पहिलं वाक्य वाचलं आणि कुणीतरी ओरडलं, "नानानी वहू शे!" मग भीती गेली. लोक हसत होते ते तुमच्या वाक्यांना हसत होते, मला ते कळत होतं. तुम्ही पहिल्या रांगेत, चपटी नसलेली खरी टोपी घालून, माझ्या प्रत्येक चुकीला मांडीवर बोट आपटत होतात. घरी येताना गाडीत तुम्ही फोनवर लिहून दाखवलंत: "घाई करस. थांबत जाय. लोकेसले हसू दे." दुसरं कौतुक नाही. मला तेवढं पुरलं.

आता मोठ्या भांडणाचं सांगते.

तपासणीला नाशिकला गेलात आणि मानेत गाठ निघाली. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया, पुन्हा त्या खाटा. प्रशांतने मला फोनवर सांगितलं. मायना अजून सांगितलं नव्हतं. तुम्ही घरी आलात, दोन दिवस काही केलं नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा माय शेजारी गेल्या होत्या आणि तुम्ही कॉम्प्युटरपुढे वाट बघत होतात.

तीन चौकटी होत्या. पहिलीत डॉक्टर. दुसरीत बस आणि तिच्याकडे पाठ केलेला टोपीवाला. फुगा: "गाठ परत उनी. आते मी नाशिकले जात नही." तिसरीत दोघं बाकावर. फुगा: "तू रडू नको."

तुम्ही मला खूण केलीत, की माय आल्या की वाच.

मी म्हणाले, "नाना, हे मी वाचणार नाही."

तुम्ही फोनवर लिहिलंत: "मंग कोन वाची?"

"शनिवारी प्रशांत येईल. तो सांगेल. आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांना तर विचारू. तुम्ही एकट्याने ठरवायचं असतं का असं?"

"ठरी गयं," तुम्ही लिहिलंत. आणि मग, "तू वाचस म्हंजे मी बोलस. त्यामा तुनं काही नही."

तेव्हा माझा आवाज चढला. तुमच्यासमोर पहिल्यांदाच. मी म्हणाले, "कपाटातलं मशीन काढा मग. मी मशीन नाही, नाना. उद्यापासून माय माझ्या तोंडाकडे बघतील तेव्हा त्यांना हेच ऐकू येईल. त्यांना माझ्याच हातचं खायचं आहे, माझ्याजवळच राहायचं आहे."

तुम्ही पडदा बंद केलात.

त्यानंतर काही दिवस तुम्ही कॉम्प्युटर लावला नाहीत. दवाखान्याचं प्रशांतशी फोनवर लिहून लिहून चाललं होतं, तो तिकडून चिडत होता. माय मला विचारायच्या, "आज चित्र नही?" मी सांगायचे, नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि बाहेर तुमची टाळी वाजली. माय गेल्या. मी कान देऊन होते, मला हाक येईल म्हणून. आली नाही. तव्यावरची पोळी करपली तेव्हा मी गॅस बारीक केला आणि दारापाशी गेले.

तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसला होतात. पडद्यावर तीन चौकटी होत्या आणि एकाही चौकटीत फुगा नव्हता. पहिलीत डॉक्टर, आणि समोर टोपीवाला माणूस हात जोडून उभा. दुसरीत रिकामा रस्ता, लांब गेलेली बस अगदी छोटी केलेली, आणि तो माणूस घराकडे तोंड करून चाललेला. तिसरीत ती शेकोटीची खोली. खुर्चीत तो, समोर ती, मध्ये दोन कप. त्याचा चेहरा तुम्ही साधा ठेवला होता. रागावलेला नाही, रडवा नाही, हसराही नाही.

माय ते बघत होत्या. मग त्यांनी एक हात तुमच्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मी परत पोळपाटापाशी गेले.

थोड्या वेळाने त्या आत आल्या. फडक्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "त्या आते नाशिकले जात नहीत."

मी होकारार्थी मान हलवली.

"तुले माहीत व्हतं?"

मी 'हो' म्हणाले.

"मंग सांगं कसाले नही?"

त्यांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या स्वतः केल्या.

संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "नाना, राग आला माझा?" तुम्ही लिहिलंत: "नही. पन तू चुकनी." मी म्हणाले, "मी नाही चुकले." तुम्ही खांदे उडवलेत आणि चौकात फिरायला गेलात.

हा वाद तसाच राहिला. मी अजून म्हणते की मी चुकले नाही. ते चित्र तुमचं सगळ्यात चांगलं चित्र होतं आणि मी वाचायला नाही म्हटलं नसतं तर ते झालंच नसतं. पण त्यामुळे मी बरोबर ठरत नाही, एवढं मला समजतं. तुमचं म्हणणंही मी नंतर पुष्कळदा मनात उलटसुलट केलं. ज्या माणसाचा आवाज गेला त्याने आपलं सगळ्यात मोठं बोलणं कुणाला तरी विश्वासाने दिलं आणि तिने ते परत केलं, असंही म्हणता येतं. तुम्ही असतात तर आणखी भांडलो असतो. तुम्ही नेटाने भांडायचात. आवाज नसलेल्या माणसाशी भांडताना समोरच्याला त्याचं उत्तर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात आपला राग निम्मा होतो. एवढं मी त्या दोन वर्षांत शिकले.

प्रशांत आला, रडला, चिडला, दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवून आला. त्यांनीही फार वेगळं सांगितलं नाही. मग त्यानेही सोडून दिलं. तुम्ही पुढचे महिने घरीच काढलेत. वांग्याचं भरीत खाल्लंत, जुईची शाळेची वही चित्रांनी भरून टाकलीत, माझ्या चुका काढल्यात. शेवटी शेवटी बसवत नव्हतं तेव्हा प्रशांतने आणलेला लॅपटॉप पोटावर घेऊन करायचात. गेलात ते दुपारी. मायनी तुमच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "प्रशांतले फोन कर." तेवढंच. रडल्या त्या नंतर, बायका जमल्यावर.

गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले, प्रशांत जुईला घेऊन भाड्याची भांडी परत करायला गेला. घरात आम्ही दोघीच. मी सतरंज्या गुंडाळत होते. माय आल्या आणि तुमच्या खुर्चीत बसल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरकडे हनुवटी केली. मी लावला, ती साइट उघडली, रिकामं पान घेतलं. त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला. कुठे काय आहे हे त्यांना पाठ होतं. तुम्ही करत असताना त्या शेजारी बसून सगळं बघत आल्या होत्या. त्यांनी चित्रातल्या तुम्हाला ओढून खुर्चीत बसवलं. स्वतःला समोर उभं केलं. मग थांबल्या.

मी विचारलं, "नाना काय म्हणतात? सांगा, मी लिहिते."

"त्या काही बोलत नहीत. त्यासनी बठ्ठं बोली लिधं," माय म्हणाल्या. "आते मी बोलसू."

मी बाईच्या तोंडापाशी फुगा काढला. बोटं अक्षरांवर ठेवून थांबले. मायनी पडद्यावरच्या तुमच्याकडे बघितलं आणि एकेक शब्द सावकाश, तुम्हाला उद्देशून सांगितला.

"तुम्ही माले सांगं. इचारं नही."

मी लिहिलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं, नाना, की आपण दोघं इतके भांडलो ते कुणी सांगायचं यावरून. त्यांना विचारायचं, हे तुमच्या मनात आलं नाही आणि माझ्याही. प्रशांतने दोन डॉक्टरांना विचारलं, मला विचारलं, तुम्हाला तर रोज विचारत होता. ज्या बाईने तुमच्या गळ्याचं फडकं दोन वर्षं रोज बदललं तिला आपण कुणी एकदाही म्हटलं नाही, की माय, तुम्हाला काय वाटतं, जावं की राहावं?

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी माझ्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. फुग्यातली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी त्या त्यांच्यावरून बोट फिरवत गेल्या, शेवटपर्यंत. मग बोट पुढच्या रिकाम्या चौकटीवर ठेवलं.

"आते हाई उघाड," त्या म्हणाल्या. "आजून बोलनं शे."